परिच्छेदांची खतावणी

संगणकाच्या माहितीपुस्तिकेच्या अनुवादाला साहित्याच्या पंगतीत कोणी पाट मांडत नाही, आणि त्यात फारसा अन्यायही नाही. पण कादंबरीच्या अनुवादकाला कधीच न पडणारी एक अडचण या अनुवादकाला रोज पडते. कादंबरी छापली की थांबते. मूळ लेखक वर्षभराने परत येऊन तिसऱ्या प्रकरणातले दोन परिच्छेद बदलत नाही. माहितीपुस्तिका कधीच थांबत नाही. प्रोग्रॅम बदलला की ती बदलते. कधी एखादा नवा पर्याय येतो, कधी जुना काढून टाकतात, कधी कोणी नुसता स्वल्पविराम दुरुस्त करतो. चाळीस पानांचा अनुवाद संपवून अनुवादकाने हुश्श करावे, तोवर मूळ पुस्तिका तीन ठिकाणी बदललेली असते, आणि कुठल्या तीन ठिकाणी ते त्याला कोणी सांगत नाही. वाचकाला तर नाहीच नाही. त्याच्यासमोर सगळी पाने सारख्याच आत्मविश्वासाने बोलत असतात.

या अडचणीवर २००२ साली एक उपाय निघाला, तो डेबियन या लिनक्स वितरणाच्या परिसरात. मार्टिन क्विन्सन आणि डेनिस बार्बिए यांनी पर्ल भाषेत लिहिलेल्या या साधनाचे नाव ‘पीओ-फोर-ए’, म्हणजे ‘कशासाठीही पीओ’. पीओ हा फाइलींचा प्रकार त्याआधीपासून चालत आला होता. १९९५ मध्ये आलेल्या जीएनयू गेटटेक्स्टने प्रोग्रॅमच्या पडद्यावर दिसणारे संदेश अनुवादित करण्यासाठी तो रूढ केला होता. क्विन्सन फ्रेंच. मोकळ्या परवान्यामुळे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले होते हे खरे. पण इंग्रजी न येणाऱ्याला त्या खुलेपणाचा काय उपयोग, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. प्रोग्रॅमच्या संदेशांची सोय झाली होती, मग त्याच पद्धतीने अख्ख्या पुस्तिका का हाताळू नयेत? त्यातून हे साधन घडले. त्याला खिडक्या नाहीत, बटणे नाहीत. टर्मिनलवर एक ओळ टाइप करायची, मूळ फाइल कुठली आणि कुठल्या प्रकारची ते सांगायचे, की ते कामाला लागते. मॅन पेज, डॉकबुक, मार्कडाउन, लेटेक अशा नाना प्रकारांच्या फाइली त्याला वाचता येतात.

काम तसे साधे आहे. दस्तऐवजाचा सांगाडा आणि त्यातला मजकूर ते वेगळा करते. शीर्षक, परिच्छेद, यादीतला प्रत्येक मुद्दा अशी प्रत्येक गोष्ट पीओ फाइलीत एक नोंद होते. वर मूळ इंग्रजी मजकूर, खाली अनुवादासाठी मोकळी जागा. अनुवादकाने जागा भरल्या की उलटा प्रवास सुरू होतो. साधन मूळ दस्तऐवज पुन्हा वाचते, सांगाडा तसाच ठेवते आणि प्रत्येक परिच्छेदाच्या जागी खतावणीत सापडलेला अनुवाद बसवते. खतावणी हा शब्द मुद्दाम वापरला. पेढीवरच्या खतावणीत व्यवहार घडत नाहीत, ते नोंदले जातात. कोणाकडे किती बाकी आहे ते तिच्यावरून कळते. पीओ-फोर-ए हे अनुवादाचे साधन म्हणून ओळखले जाते खरे, पण ते स्वतः एका शब्दाचाही अनुवाद करत नाही. ते बाकी सांगते. आणि माहितीपुस्तिकेच्या बाबतीत बाकी सांगणे हे अनुवाद करण्याइतकेच, कधी कधी त्याहूनही मोलाचे काम आहे, असे मला वाटते.

याला पुरावा हवा तर गिट या साधनाकडे पाहावे. प्रोग्रॅम लिहिणारे लोक आपल्या कामाच्या आवृत्त्या जपायला गिट वापरतात, आणि आपले काम सर्व्हरवर पाठवायची त्यातली कमांड आहे ‘गिट पुश’. पुढे काहीच न लिहिता ती दिली, तर पूर्वी तुमच्याकडच्या ज्या ज्या शाखेच्या नावाची शाखा सर्व्हरवर असेल त्या सगळ्या शाखा वर जात. २०१४ च्या मे महिन्यात गिटची २.० ही आवृत्ती आली आणि हे वागणे बदलले; आता फक्त चालू शाखा वर जाते. समजा, २०१३ मध्ये कोणी या पानाचा अनुवाद साध्या पद्धतीने, म्हणजे इंग्रजी फाइलीची नक्कल करून तिच्यावरच मराठी लिहून केला असता. तो अनुवाद त्या वर्षी बिनचूक असता. पुढच्या वर्षी त्यातले एकही अक्षर न हलता तो चुकीचा झाला असता, आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागला नसता. खतावणी पद्धतीत काय घडले असते? इंग्रजी परिच्छेद बदलल्यावर नवा मजकूर जुन्या नोंदीशी जुळत नाही. साधन सर्वांत जवळची जुनी नोंद शोधते, तिच्यावर ‘फझी’, म्हणजे संशयित, असा शिक्का मारते, आणि मराठी पान तयार करताना तो अनुवाद वापरायला नकार देते. त्या जागी इंग्रजी परिच्छेद येतो. मराठी पानाच्या मधोमध इंग्रजीचे एक ठिगळ दिसते. दिसायला वाईट, पण खरे. शिळे अन्न ताज्या ताटात न वाढण्याची ही सोय आहे.

या साधनाबद्दल मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो त्याच्या स्वतःवरच्या अविश्वासामुळे. कोणी पूर्वीच केलेला, मूळ फाइलीपासून सुटा झालेला अनुवाद त्याच्या स्वाधीन केला तर ते दोन्ही दस्तऐवज समोरासमोर ठेवून पहिल्याला पहिला, सातव्याला सातवा असे परिच्छेद जुळवत जाते. मध्येच रचना जुळेनाशी झाली, म्हणजे इकडे परिच्छेद आणि तिकडे यादी असे आढळले, तर ते अंदाज न करता थांबते. सगळे जुळले तरीही तयार झालेल्या प्रत्येक नोंदीवर ‘फझी’चा शिक्का असतोच, माणसाने डोळ्यांखालून घालून तो पुसायचा. ही सावधगिरी अतिरेकी वाटेल, पण दोन इंग्रजी वाक्यांत फक्त ‘नॉट’ एवढाच फरक असला तर अक्षरे मोजणाऱ्या यंत्राला ती जवळजवळ सारखीच दिसतात. मराठीत मात्र ‘ही फाइल हाताने बदलावी’ आणि ‘ही फाइल हाताने बदलू नये’ यांत वाक्याचा निम्मा जीव बदलतो. उलट, इंग्रजीतली निव्वळ स्पेलिंगची चूक कोणी सुधारली तरी जगभरच्या सगळ्या भाषांतले चांगले अनुवाद एका रात्रीत संशयित ठरतात. त्यासाठी याच संचात ‘एमएसजी-अनटायपॉट’ नावाचे छोटे साधन दिले आहे: बदल फक्त मुद्रणदोषाचा होता अशी ग्वाही माणसाने दिली की ते शिक्के लागू देत नाही. अर्थ बदलला की नुसते स्पेलिंग, हा निवाडा कुठल्याही पायरीवर यंत्राकडे दिलेला नाही.

आता या पद्धतीवरचा सर्वांत जुना आणि सर्वांत वजनदार आक्षेप. दस्तऐवजाचे असे तुकडे केले की भाषा मरते. अनुवादक आधीचे-पुढचे न पाहता एकेक चौकट भरत जातो, आणि मग जी मराठी तयार होते तिला शासकीय परिपत्रकाचा वास येतो, असे म्हणतात. यात तथ्य आहे, पण ते कुठे आहे हे नेमके पाहायला हवे. कित्येक अनुवाद-साधने वाक्याला एकक धरतात, पीओ-फोर-ए परिच्छेदाला धरते. परिच्छेदाच्या आत अनुवादक स्वतंत्र आहे. चार इंग्रजी वाक्यांची त्याने दोन करावीत, कारण आधी सांगून परिणाम मागून सांगावा, फाइलींच्या नावांभोवतीच्या खुणाही हव्या तशा पुढे-मागे न्याव्यात. क्रियापद शेवटी येणाऱ्या भाषेला एवढी मोकळीक बहुधा पुरते. आणि परिच्छेद ही चौकट तरी मराठीत मुळात कुठे होती? हस्तलिखित पोथ्यांत शब्दांमध्येही मोकळी जागा नसायची. आज आपल्या हाताखाली असलेली विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्यासारख्यांनी इंग्रजीवरून आणून रुळवली. बाहेरून आलेल्या चौकटीत मराठी गद्य मेले नाही, चांगले दीडशे-पावणेदोनशे वर्षे वाढले. चौकटीचा आकार कळीचा. चौकट असण्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही.

खरी इजा होते ती दुसरीकडे, अगदी छोट्या नोंदींत. खतावणीचा नियम असा की एक इंग्रजी मजकूर म्हणजे एक नोंद. तोच मजकूर दस्तऐवजात वीस ठिकाणी असला तरी अनुवाद साधारणपणे एकच. इंग्रजीत ‘नन्’ हा एक शब्द पर्यायालाही चालतो, फाइलीलाही आणि नावालाही. मराठीत पर्याय ‘कोणताही नाही’, फाइल ‘कोणतीही नाही’, नाव ‘कोणतेही नाही’. तीन लिंगांच्या भाषेला एकच खण मिळाला की अनुवादक लिंगच टाळतो आणि ‘काही नाही’ लिहून सुटतो. असे पंधरा-वीस ठिकाणी झाले की भाषेच्या अंगातले रक्त कमी होते. गेटटेक्स्टच्या घडणीत अनेकवचनाची सोय आहे. रशियन किंवा अरबीसारख्या भाषांची गुंतागुंतीची वचने सांभाळायला स्वतंत्र सूत्र लिहिता येते. लिंगाची तशी सोय नाही. नोंदीला संदर्भ जोडून ती वेगळी करण्याची युक्ती आहे, पण तो संदर्भ मुळात इंग्रजीकडच्यांनी द्यावा लागतो, आणि ज्याला अडचण जाणवतच नाही तो संदर्भ का देईल? हा दोष मी साधनाच्या पदरात टाकतो, कारण त्याच्यावर अनुवादकाच्या हाती फारसा इलाज नाही.

विभक्तीचे मात्र तसे नाही, जरी पहिल्या दिवशी तीच सर्वांत जास्त छळते. मराठी नाम प्रत्यय लागण्याआधी आपले रूप बदलते: कागद, पण कागदावर, घोडा, पण घोड्याला. रोमन अक्षरांत, तिरप्या रेषांसकट, खुणांच्या कुंपणात ठेवलेल्या फाइलीच्या नावाचे सामान्यरूप कसे करणार? कुंपणाबाहेर नुसता ‘त’ लटकवला तर तो पोरका दिसतो, आणि कुंपणाच्या आत घातला तर वाचक तोही टाइप करतो आणि फाइल सापडत नाही. पण या पेचातून मराठी फार पूर्वीच सुटलेली आहे. बातमीत आपण ‘सावित्रीबाई फुले यांनी’, ‘टाटा मोटर्स या कंपनीला’ असे लिहितो. नाव जसेच्या तसे उभे राहते आणि प्रत्ययाचे ओझे शेजारचे सर्वनाम किंवा सामान्यनाम उचलते. अनुवादकाने तेच करायचे: फाइलीचे नाव, आणि पुढे ‘या फाइलीत’, कमांडचे नाव, आणि पुढे ‘ही कमांड’. शब्द एक-दोन वाढतात, पण वाक्य मराठीच राहते, आणि नवख्या वाचकाला अमुक नाव फाइलीचे की फोल्डरचे हेही फुकटात कळते. जी मराठी आपण साधनामुळे बिघडली असे म्हणतो, तिच्यातली बरीचशी आपल्याच भाषेतल्या अशा सोयी न आठवल्यामुळे बिघडलेली असते. परिपत्रकी मराठी ही पीओ फाइलींच्या कितीतरी आधीपासूनची आहे. तिचे खापर टर्मिनलवर फोडता येणार नाही.

दुसरा आक्षेप वेगळ्या उंचीवरून येतो. पुस्तिकांचे अनुवाद करण्यापेक्षा मराठीत नवी पुस्तके का लिहू नयेत? आपली परंपराच टीकेची. सातशे श्लोकांच्या गीतेवर ज्ञानेश्वरांनी सुमारे नऊ हजार ओव्या रचल्या, त्या काही श्लोकासमोर श्लोक ठेवून नव्हेत. इथे मला निम्मी माघार घ्यायलाच हवी. शिकवण्यासाठी लिहिलेला मजकूर, म्हणजे नवशिक्याला गिट समजावून सांगणारे प्रकरण, मराठीत मुळापासून लिहिलेलेच बरे. त्यातले दाखले, विनोद, कुठे थांबायचे याचा अंदाज, सगळे वाचकाच्या अंगणातले असावे लागते. खतावणीतून ते येणार नाही. पण माहितीपुस्तिकेचा मोठा भाग शिकवत नसतो. अमुक खूण दिली की काय होईल, न दिली तर काय गृहीत धरले जाईल, हे तो सांगतो, आणि तिथे मुळाशी बांधलेले असण्यातच त्याची किंमत आहे. औषधाच्या डबीतल्या चिठोऱ्यावर कोणी भाष्य लिहीत नाही. तरीही अनुवादकाला स्वतःचे चार शब्द घालायचे असतील तर पीओ-फोर-एने ‘अ‍ॅडेंडम’ म्हणून एक खिडकी ठेवली आहे. स्वतंत्र फाइलीत मजकूर लिहायचा, तो कुठल्या भागानंतर बसवायचा ते पहिल्या ओळीत सांगायचे, की तयार पानात तो तिथे जाऊन बसतो. ती मुळात अनुवादकांची नावे आणि चुका कुठे कळवाव्यात ही माहिती देण्यासाठी आहे. पण पानाच्या शेवटी ‘या पानातले मराठी शब्द’ अशी आठ-दहा ओळींची टीप द्यायला तिला कोणी अडवलेले नाही.

यंत्रानुवाद इतका सुधारल्यावर हा सगळा खटाटोप कशाला, हा तिसरा आक्षेप. वाचकाने बटण दाबावे, पान मराठीत यावे, आणि प्रत्येक वेळी ताज्या इंग्रजीवरून होत असल्यामुळे शिळेपणाचा प्रश्नच मिटावा. शिळेपणाचा प्रश्न मिटतो हे कबूल. पण त्याबरोबर जबाबदारीही मिटते. यंत्राचा परिच्छेद कोणी तपासला आहे की नाही, हे पानावरून कळत नाही. बरोबर आणि चूक दोन्ही एकाच गुळगुळीत सुरात येतात. आणि त्याच पानात फोल्डर कुठे ‘फोल्डर’, कुठे ‘संचयिका’, कुठे ‘निर्देशिका’ झालेला असला, तर वाचकाला ती तीन वेगळी भांडी वाटतात. म्हणून यंत्राला बाहेर ठेवावे असे मात्र मी म्हणणार नाही. त्यालाही खतावणीतून जायला लावावे. रिकाम्या जागा त्याने भराव्यात, प्रत्येकीवर ‘फझी’चा शिक्का असावा, आणि माणसाने वाचून एकेक शिक्का पुसावा. मग कुठल्या परिच्छेदामागे माणूस उभा आहे आणि कुठल्यामागे नाही, हे निदान फाइलीत तरी लिहिलेले राहील. जे साधन यंत्रानुवादामुळे निकामी होईल असे म्हणतात, त्याची गरज यंत्रानुवादानेच वाढवली आहे.

वाचतो कोण, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर फारसे सुखाचे नाही. मॅन पेज, म्हणजे एखाद्या कमांडची माहिती देणारे पान, टर्मिनलमध्ये वाचायचे असते, आणि बहुतेक टर्मिनले अक्षरांना एकसारख्या चौकोनांत बसवतात. त्यात देवनागरीची जोडाक्षरे मोडतात, वेलांट्या भलत्या अक्षराला जाऊन चिकटतात. ज्या जागेसाठी अनुवाद केला तिथेच तो वाचवत नाही, असा हा विनोद आहे. त्याच पीओ फाइलीतून ब्राउझरमध्ये वाचायचे पान तयार करता येते, आणि तिथे देवनागरी नीट दिसते. मराठीपुरता तरी तोच मार्ग शहाणपणाचा.

शेवटी एक आकडा उरतो: ८०. पानाचा निदान ८० टक्के अनुवाद झालेला नसेल तर पीओ-फोर-ए ते पान तयारच करत नाही. इंग्रजीच्या ठिगळांनी भरलेले पान वाचकासमोर जाऊ नये हा हेतू चांगला आहे, आणि जर्मन किंवा फ्रेंचसारख्या, अनुवादकांची फळी असलेल्या भाषांना ही मर्यादा शोभते. पण मोजणी होते ती नोंदींची, शब्दांची नाही. एका शब्दाचे शीर्षक ही एक नोंद आणि ‘हे केल्यास सगळा डेटा जाईल’ असे बजावणारा दहा ओळींचा परिच्छेद हीही एकच नोंद. शीर्षके, पर्यायांची छोटी वर्णने आणि ‘काही नाही’ भरून ८० टक्क्यांपर्यंत पोचता येते, आणि इंग्रजी न येणाऱ्याला ज्याची खरी गरज होती ते सगळे उरलेल्या २० टक्क्यांत इंग्रजीतच राहते. उलट, धोक्याच्या सूचना आणि गुंतागुंतीचे परिच्छेद आधी घेणारा प्रामाणिक अनुवादक ३० टक्क्यांवर अडकतो, आणि त्याचे काम कोणाला दिसतच नाही. मर्यादा बदलायला कमांडमध्ये ‘के’ हे एक अक्षर आणि पुढे शून्य लिहिले की पुरते. हातावर मोजण्याइतके अनुवादक असलेल्या मराठीने ते शून्य लिहावे, असे माझे मत आहे. अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी पान पाहून कोणाचा भाषाभिमान दुखावेल. पण मराठी तंत्रज्ञ कामाच्या जागी दिवसभर तसेच बोलतो, आणि कुठला भाग अजून मराठीत आलेला नाही हे त्याला लपवून ठेवलेल्या पानापेक्षा उघड्या अपुऱ्या पानातून लवकर कळेल. मग पुस्तिका उघडावी, सरळ इशाऱ्यांच्या परिच्छेदांपर्यंत खाली जावे, आणि तिथून सुरुवात करावी. शीर्षके शेवटच्या दिवशी, चहा पिता पिता होतात.